माझ्या नावावरचे पंधरा

फळ्यावर मी तीन नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढे आकडा.

नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. कणभौतिकीतल्या संशोधक रोहिणी गोडबोले २५ ऑक्टोबरला पुण्यात गेल्या. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी वाळपईतल्या एका वाचनालयाने मुलांसाठी छोटासा कार्यक्रम ठेवला आणि निवृत्त प्राध्यापक म्हणून बोलायला मला बोलावलं. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात कणभौतिकी हा शब्द न अडखळता उच्चारणारी माणसं थोडी, त्यामुळे माझी निवड बिनविरोध होती.

मला बाईंचं काम समजावून सांगायचं होतं आणि ते मलाच समजलेलं नव्हतं. जन्म पुणे, १९५२; परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची आयआयटी, अमेरिकेत स्टोनी ब्रूकला पीएचडी, मग टीआयएफआर, मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था; २०१९ साली पद्मश्री. हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. उरलेल्या अर्ध्या तासाचं काय? मी आकड्यांचा आधार घेतला.

कणभौतिकीवाल्यांची इन्स्पायर नावाची एक मोठी सूची आहे. स्टॅनफर्डला पूर्वी स्पायर्स नावाची सूची होती, तिचा हा पुढचा अवतार. माणसाचं नाव टाकलं की त्याचे पेपर किती, त्या पेपरांचा इतरांनी उल्लेख किती वेळा केला (ज्याला आम्ही लोक सायटेशन म्हणतो) आणि एच-इंडेक्स किती, सगळं एका पानावर येतं. हा एच-इंडेक्सही एका भौतिकशास्त्रज्ञाचंच अपत्य. कॅलिफोर्नियातल्या होर्हे हिर्श यांनी तो २००५ साली सुचवला. ज्याच्या दहा पेपरांचा प्रत्येकी निदान दहादा उल्लेख झाला आहे आणि अकराव्याचं गणित जमत नाही, त्याचा एच-इंडेक्स दहा. शाळेतल्या मुलालाही काढता येतो. त्याची गोडी तिथेच आहे आणि घातही तिथेच.

तर माझी तीन नावं. पहिलं पीटर हिग्ज, ज्यांच्या नावाचा कण २०१२ साली सापडला. त्यांच्या पेपरांची संख्या दोन आकडी. दुसरं रोहिणी गोडबोले, तीन आकडी. तिसरा सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगात काम करणारा आमच्या गोव्याचाच एक तरुण, वय पस्तिशीच्या आसपास, पेपर चार आकडी. मुलांना स्फूर्ती मिळावी हा माझा हेतू होता. बघा, आपला मुलगा कुठे पोचला!

पाठीमागच्या बाकावरून अकरावीतली एक मुलगी उठली. "सर, म्हळ्यार बायेन ह्या दादापरस उणें काम केलें? आनी हिग्सान तर कांयच करूंक ना?"

बाईंनी या दादापेक्षा कमी काम केलं, आणि हिग्जनी तर काहीच नाही? फळ्यावर मी लिहिलं होतं त्याचा सरळ अर्थ तोच होत होता. मी म्हणालो, "तसं नसतं गं, ते वेगळं असतं." आणि घड्याळाकडे पाहिलं. इतकी वर्षं शिकवल्यावर प्रश्न टाळायची ही कला अंगात मुरते.

लाज वाटण्याचं खरं कारण निराळं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मला दोन वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं, आणि तेही त्या तिसऱ्या नावाच्या मालकाकडून.

२०२२ साली तो तरुण सुट्टीवर आला असताना त्याचा सत्कार झाला, तेव्हाही सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी आदल्या रात्री भागाकार करून ठेवला होता. अकरा वर्षांत हजारावर पेपर. व्यासपीठावरून जाहीर केलं, "दर चार दिवसांनी एक शोधनिबंध!" टाळ्या पडल्या. तो मान खाली घालून बसला होता. मी त्याला विनय समजलो.

नंतर भाजीपाव खाताना तो जवळ आला. "सर, रागावू नका, पण ते पेपर माझे नाहीत, सीएमएसचे आहेत. माझे म्हणावेत असे चार. पाचव्यात माझा एक आलेख आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. या प्रयोगांत हजारो माणसं असतात. कित्येक महिने प्रयोगासाठी राबल्यावर माणसाचं नाव लेखकांच्या यादीत जातं, आणि एकदा गेलं की त्या काळात निघणाऱ्या प्रत्येक पेपरवर ते येतं, पेपर त्याने वाचलेला असो वा नसो. पहिला लेखक, मुख्य लेखक असा प्रकारच नाही. तिथल्याच दुसऱ्या, अ‍ॅटलास प्रयोगात यादी आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागते, म्हणून जगभर तो प्रयोग बहुतेक वेळा 'आद आणि इतर' या नावाने उल्लेखला जातो. आद नावाच्या गृहस्थांची पुण्याई एवढीच की त्यांच्या आडनावात दोन ए लागोपाठ येतात. सीएमएसमध्ये यादी देशांप्रमाणे लागते, त्यामुळे मान आर्मेनियाकडे जातो. २०१५ साली दोन्ही प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा पेपर काढला, त्यावर ५,१५४ नावं होती. तेहतीस पानांतली चोवीस पानं नावांना लागली. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेतही निमंत्रकांची एवढी गर्दी नसते.

"मग ही फसवणूक नाही का?" मी विचारलं.

तो जरा दुखावला. सीएमएसमधला एक मोठा भाग, बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर, भारतीयांनी उभा केला आहे, टीआयएफआरच्या पुढाकाराने. प्लास्टिकच्या फरश्यांसारख्या तुकड्यांतून कण गेला की बारीक प्रकाश चमकतो, तो मोजायचा. असल्या यंत्राचं माप रोज जुळवत राहणारा, रात्रपाळीला पडद्यासमोर डोळे ताणणारा माणूस नसेल तर कुणाचाच पेपर निघणार नाही. मग नाव कुणाचं वगळायचं?

त्याचं म्हणणं मला पटलं, आजही पटतं. शिगम्यात रोमटामेळ निघतो तेव्हा पन्नास ढोल वाजतात आणि बक्षीस मेळाला मिळतं. त्यातला कुणी घरी जाऊन 'पन्नास ढोल मी एकट्याने वाजवले' असं सांगत नाही. त्याच्या वतीने ते मी माइकवरून सांगितलं होतं. यादी प्रामाणिक होती, खोटा होता तो माझा भागाकार.

इतकं स्पष्ट कळूनही दोन वर्षांनी मी तोच आकडा फळ्यावर लिहिला. का? समजून घ्यायला रात्री घालाव्या लागतात आणि आकडा अर्ध्या मिनिटात मिळतो, एवढंच त्याचं कारण. कार्यक्रम उद्यावर आला होता.

त्या संध्याकाळी वाचनालयातून घरी आल्यावर, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, मी एक पेपर खरोखर वाचायला घेतला. गोडबोले बाई आणि जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांचा, १९९१ सालचा. पानं मोजकीच, पण मला त्याला दोन आठवडे लागले, आणि तेही अर्धं गणित सोडून दिल्यावर.

त्यातली गोष्ट अशी. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळवण्याची मोठी यंत्रं तेव्हा कागदावर आखली जात होती. टकरी जास्त व्हाव्यात म्हणून कणांचे झोत अगदी बारीक आणि दाट करायचे. पण झोत इतका दाट केला की त्याचं क्षेत्र समोरच्या झोतातल्या कणांना वाकवतं आणि वाकताना ते कण फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, फेकतात. हे फोटॉनही मग एकमेकांवर आदळतात. इथवर ठीक. पण जास्त ऊर्जेचा फोटॉन निव्वळ प्रकाश राहत नाही. पोटात क्वार्क आणि ग्लुऑन असल्यासारखा तो वागतो. मग दोन फोटॉनांच्या टकरीतून नको असलेल्या कणांचा फवारा उडतो, आणि जी दुर्मीळ घटना पाहण्यासाठी यंत्र बांधलं ती त्या गदारोळात हरवू शकते. दोघांचं म्हणणं, यंत्र आखतानाच याचा हिशेब धरा. या परिणामाला पुढे ड्रेस-गोडबोले यांचंच नाव मिळालं आणि पुढच्या पिढीतल्या यंत्रांच्या आखणीत त्याची दखल घेणं भाग पडलं.

त्या पेपरला सायटेशन पुष्कळ आहेत. तरी माझ्या डोक्यात आलं, की इशाऱ्याचं मोल कसं मोजायचं? जे बिघडलंच नाही, त्याचा उल्लेख कोण करतो? आणि याच बाईंनी राम रामस्वामींबरोबर २००८ साली 'लीलावतीज डॉटर्स' हे भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या चरित्रांचं आणि आत्मकथनांचं पुस्तक संपादित केलं. ते वाचून किती मुली विज्ञानाकडे वळल्या, त्याचा एच-इंडेक्स अजून कुणी काढलेला नाही.

हिग्ज यांचं तर त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. नोबेल मिळालं त्या वर्षी, २०१३ च्या डिसेंबरात, एका ब्रिटिश वर्तमानपत्राला ते म्हणाले की आजच्या काळात मला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती. पुरेसं उत्पादन नाही असं माझ्याबद्दल ठरलं असतं. ज्या कामामुळे कणाला त्यांचं नाव मिळालं, त्या १९६४ च्या कामानंतर त्यांनी दहाही पेपर लिहिले नव्हते. हिग्ज यांची कल्पना वापरणारा, भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांचा १९६७ सालचा तीन पानांचा पेपरही पहिली काही वर्षं जवळजवळ कुणी उल्लेखलाच नाही. १९७१ साली हॉलंडच्या तरुण 'ट होफ्टने त्या प्रकारचं गणित टिकतं हे दाखवलं, आणि मग उल्लेखांचा पूर आला. १९७० साली वाइनबर्गना बढतीसाठी माझी होती तसल्या समितीपुढे त्या पेपरवर उभं केलं असतं तर समितीने काय म्हटलं असतं, हे मी सांगू शकतो. कारण बढतीच्या समितीपुढे मी उभा राहिलेलो आहे, आणि पास झालो आहे.

आता माझ्या पेपरांकडे येतो. इथवर टाळत होतो.

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे नियम आले. एपीआय नावाची गुणपद्धत. विज्ञान शाखेत तज्ज्ञांनी तपासलेल्या जर्नलमधल्या एका पेपरला पंधरा गुण. सहलेखक असतील तर साठ टक्के मुख्य लेखक आणि मार्गदर्शक यांना, उरलेले चाळीस टक्के बाकीच्यांत वाटून. (हा नियम त्या ५,१५४ नावांच्या पेपरला लावून पाहा. बाकीच्यांच्या वाट्याला सहा गुण, म्हणजे माणशी गुणाचा हजारावा भाग. सीएमएसमधला आमचा पोरगा जन्मभर राबून व्याख्याता राहिला असता.) वीस वर्षं मी पदवीच्या मुलांना भिंग, लंबक आणि ओहमचा नियम शिकवत होतो. कुणाला माझ्या पेपरांची गरज नव्हती. अचानक ती मला पडली.

माझ्याकडे एक गायगर-म्यूलर नळी होती. किरण नळीतून गेला की टिक वाजते, ती मोजायची. मी वाळपईत घराच्या पडवीत मोजलं, मिनिटाला सरासरी २४. चोर्ला घाटाच्या माथ्यावर, सुमारे आठशे मीटर उंचीवर, ३१. उंची वाढली की वैश्विक किरण वाढतात हे शंभर वर्षांपासून माहीत आहे, पण सत्तरीत कुणी मोजलं नव्हतं. याचा एक बरा, छोटा पेपर झाला असता. मी चार केले. एक वाळपईचा, एक चोर्ल्याचा, एक दोन्हींच्या तुलनेचा आणि चौथा पावसाळ्याचा. दर पेपरला तीन हजार रुपये मागणारं एक जर्नल सापडलं, पैसे पोचल्यावर आठ दिवसांत 'तज्ज्ञांचा अभिप्राय' यायचा: उत्तम, छापावा.

दुसऱ्या पेपरमध्ये मी पहिल्याचा संदर्भ दिला, तिसऱ्यात पहिल्या दोघांचा, चौथ्यात तिघांचा. झाली सहा सायटेशन आणि एच-इंडेक्स दोन. वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने त्याच्या नेच्यांवरच्या दोन पेपरांत माझे चारही पेपर टाकले. मी त्याचे टाकले. चौदा सायटेशन, एच-इंडेक्स तीन. नेच्यांचा आणि वैश्विक किरणांचा संबंध काय, हे त्याला कुणी विचारलं नाही. मलाही नाही.

आपल्याच गोव्यातल्या सांकवाळ गावचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीही खोटा संदर्भ दिला होता. १९३१ साली, अलीगढला गणिती आंद्रे वेल यांच्या चिथावणीवरून, त्यांनी एका पेपरात बुर्बाकी नावाच्या कुठल्याशा रशियन गणित्याच्या प्रमेयाचा हवाला दिला. तो गणिती जन्मलेलाच नव्हता. पुढे फ्रान्समधल्या गणित्यांच्या एका गटाने तेच आडनाव टोपणनाव म्हणून गाजवलं. कोसंबींचा खोटा संदर्भ ही थट्टा होती, माझा वेतनश्रेणीसाठी होता. आणि १९४४ साली त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं जे सूत्र दिलं, ते आजही भाताच्या नि मक्याच्या जातींवर काम करणारे लोक वापरतात. त्यातल्या कितीजणांना हा माणूस इतिहासकार म्हणून माहीत असेल, देव जाणे.

तर चौदा. पंधरावं सायटेशन मला न विचारता आलं.

२०१५ साली कोल्हापूरकडच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा ई-मेल आला होता. नम्र होता. त्याला माझ्या चौथ्या पेपरात रस होता, ज्यात मी लिहिलं होतं की वाळपईत पावसाळ्यात वैश्विक किरण साडेबारा टक्क्यांनी घटतात. त्याने विचारलं होतं, सर, आपण एक नळी वापरलीत की एकावर एक दोन? मूळ नोंदी पाठवाल का?

एक नळी हे उत्तर होतं, आणि ते द्यायचं म्हणजे पेपर मागे घेणं होतं. एकटी नळी वरून आलेला वैश्विक किरण आणि जांभ्या दगडातून, मातीतून येणारा गॅमा किरण यांत फरक करत नाही. दोन नळ्या एकावर एक ठेवून दोन्हीत एकाच क्षणी टिक झाली तरच तो कण वरून आरपार गेला असं बऱ्यापैकी म्हणता येतं. पावसात माती भिजते, पाणी जमिनीतून येणारे किरण अडवतं, आकडा उतरतो. आकाशात काही घडायची गरज नाही. शिवाय माझ्या वहीत दोन्ही पावसाळी दिवसांपुढे पेन्सिलने लिहिलेलं होतं: 'व्होल्टेज कमी'. पेपरात ते नव्हतं.

आणि दिवस दोनच होते, हेही सांगतो. प्रत्येकी दहा मिनिटं. कोरड्या दोन दिवसांत मिळून ४८०, पावसाळी दोन दिवसांत ४२०. फरक साठ. एवढ्या मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारा हेलकावा तीसच्या घरात असतो. भौतिकीच्या भाषेत दोन सिग्मा. सर्नमध्ये पाच सिग्मा झाल्याशिवाय शोध हा शब्द तोंडातून काढत नाहीत. मी दोनवर छापला.

मी त्या मुलाला उत्तर दिलं नाही.

दोन वर्षांनी गूगलवरच्या माझ्या सायटेशनच्या पानावर चौदाचे पंधरा झालेले दिसले. माझ्या चौथ्या पेपराचा उल्लेख, बाहेरच्या राज्यातून! बढतीच्या फॉर्मवर मी तो ठळक अक्षरांत नोंदवला. तो पेपर उघडून पाहिला नाही. घरी तांदळाची खीर झाली होती, हे मात्र आठवतं.

उघडला तो थेट डिसेंबर २०२४ मध्ये, ड्रेस-गोडबोले वाचून संपल्यावर, वाचायची सवय नव्याने लागली म्हणून. लेखक तोच मुलगा. माझ्यावर दोन वाक्यं होती. पहिल्यात माझं विधान, दुसऱ्यात इतकंच की दोन नळ्यांनी वेगळं करून न मोजल्यामुळे हा निष्कर्ष स्वीकारता येत नाही आणि मूळ नोंदी मागूनही मिळाल्या नाहीत. माझ्या नावावरच्या पंधरा उल्लेखांत पेपर वाचून केलेला उल्लेख तो एकच. सूचीला स्तुती आणि खंडन सारखंच; तिने त्यालाही एकच मोजलं, आणि समितीने मला त्याबद्दल शाबासकी दिली.

मी त्याच्या जुन्या पत्त्यावर वहीच्या पानांचे फोटो पाठवले. पत्ता बंद असल्याचं उत्तर आलं. जर्नलला लिहावं म्हटलं तर ते जर्नल कधीच नाहीसं झालेलं. २०१८ साली आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली, तोवर त्याची वेबसाइटही उरली नव्हती. पेपर मात्र गूगलवर आहे.

२०२५ च्या मे महिन्यात दुसरी नळी मिळवली, दोन्ही टिका एकत्र आल्या तरच मोजणारं साधं सर्किट जुळवलं आणि ते बॅटरीवर चालवलं, म्हणजे वाळपईच्या विजेवर दोष जायला नको. नोंदी लिहायला प्रश्न विचारणारी ती मुलगीच आली. आता ती बारावीत होती. पडवीत, त्याच जागी. मेमध्ये एका तासात १३१. जुलैत, धो धो पावसात, एका तासात १२६. फरक पाच, आणि योगायोगाचा हेलकावा सोळा. म्हणजे या मोजणीत फरक दिसला नाही.

"सर, हें आतां छापतले?" तिने विचारलं.

छापायला दुसरी जागा नाही, म्हणून इथे छापतो आहे. वाळपईत पावसाळ्यात वैश्विक किरण साडेबारा टक्क्यांनी घटतात, हे मी २०१३ साली केलेलं विधान निराधार आहे. मूळ वही माझ्या घरी आहे, कुणालाही पाहता येईल. त्या पेपराचा कृपया कुणी उल्लेख करू नये.